स्वखुशीचे राजीनामे

३ सप्टेंबर, मंगळवार

आज पेपरात अर्धं पान जाहिरात. आमच्या पंपांच्या कारखान्याचा (निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी ‘आमच्या’ लिहायची खोड जात नाही) नवा मुख्य अधिकारी हाताची घडी घालून उभा. दात इतके पांढरे, की छापखान्याची शाई वाचली असेल. खाली ओळ: ‘आमचं कुटुंब आता अधिक सुटसुटीत.’

चारशे बारा माणसं एका महिन्यात घरी बसवली, त्याला हा सुटसुटीत म्हणतो. जेवायला बसलेली चार पोरं ताटावरून उठवायची, दार लावून घ्यायचं आणि उरलेल्यांना सांगायचं, बघा, आता कशी ऐसपैस जागा झाली.

खालच्या मजल्यावरचा फिटर त्या चारशे बारांतला. अठरा वर्षं नोकरी. दुपारी जिन्यात भेटला तेव्हा हातात छोटीशी कुंडी होती. मला वाटलं, बायकोसाठी आणली.

“कंपनीने दिलीय, बाई. राजीनाम्यावर सही केली की एक कुंडी. चिठ्ठी पण आहे.”

चिठ्ठीवर छापलं होतं, ‘वाढत राहा.’

“आणि तू घेतलीस?”

“मागून रांग ढकलत होती. नको म्हणायला वेळ कुठे होता?”

“सही तरी कशाला केलीस?”

“आज सही नाही तर अनुभवाचा दाखला नाही म्हणाले. दाखल्याशिवाय मला दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार?”

मी त्याला बावळट म्हणाले. मग घरी येऊन त्याच्यासाठी वाईट वाटत राहिलं, पण शब्द मागे घ्यायला खाली गेले नाही.

जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. दर्शनी दालनात म्हणे आता कारंजं बसवलंय. पण त्याला पाणी चढवणारा पंप दुसऱ्या कंपनीचा आहे. आपला पंप आवाज करतो, साहेबांना फोनवर बोलताना त्रास होतो. पंपांचा कारखाना, आणि कारंज्याला पंप शेजारच्याचा. हे लिहिताना पेनचं टोक कागदातून आरपार गेलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

भाची आली. धाकटीची मुलगी. चार वर्षांनी पायरी चढली माझी.

धाकटी आणि मी एकमेकींकडे जात नाही, त्याला एकोणीस वर्षं होतील. कारण क्षुल्लक आहे, आईच्या कपाटावरून काहीतरी बोलाचाली झाली होती. ती लहानपणापासून मनात ठेवणारी.

भाची माहितीपट काढते. सध्या कारखान्यावर काढतेय. मी म्हटलं, रडका असेल तर मला बोलावू नकोस.

“रडका नाही, मावशी. कंपनी नव्या माणसांना स्वागताची फिल्म दाखवते ना, अगदी तशीच काढायची. तसंच गोड संगीत, तसाच गोड आवाज. दाखवायचं मात्र खरं. कारंजं दाखवायचं आणि आवाज म्हणणार, ‘इथे प्रत्येक थेंबाची काळजी घेतली जाते.’”

“म्हणजे चेष्टा करायची.”

“चेष्टा ते करतायत. आपण नुसतं मोठ्याने वाचायचं.”

आणि आवाज हवाय माझा. बावीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत लाउडस्पीकरवरून सूचना मीच वाचत होते. शाळेत आमच्या सिस्टर तोंडात बोट घालून जीभ कुठे लावायची ते शिकवायच्या. घरची भाषा बोललं की कोपऱ्यात उभं राहावं लागे, पण उच्चार पक्के झाले ते झालेच. कारखान्यात मला मागे ‘लाउडस्पीकरवाल्या बाई’ म्हणायचे, तेही मला ठाऊक आहे.

तिने कोर्टाचंही सांगितलं. युनियनचं म्हणणं, राजीनामे जबरदस्तीने घेतले. कंपनीचं म्हणणं, प्रत्येकाने आपापल्या घरी बसून स्वखुशीने लिहिला आणि आणून दिला. सत्तावीस तारखेला सुनावणी आहे. स्वखुशीचे ठरले तर चारशे बारांचा निकाल लागला म्हणायचा. नाही ठरले तर कामावर परत.

मी लगेच हो म्हणाले.

चहा पिताना भाचीने विचारलं, “मावशी, तू ऑफिसात पत्रं फार सुंदर लिहायचीस, नाही का? आई सांगते.”

“कर्मचारी विभागातून बाहेर पडणारं एकूण एक पत्र माझ्या हाताखालून जायचं,” मी म्हणाले. “तीन साहेब बदलले, मसुदा माझाच.”

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. धाकटी माझं कौतुक करते हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

८ सप्टेंबर, रविवार

माझ्या स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रण. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भाचीने खिडकीला माझ्या दोन रजया टांगल्या. कॅमेरावाला फ्रीज बंद करा म्हणाला. दूध नासलं.

पण मजा आली. ‘आमच्या कुटुंबात निरोपालाही हिरवाईचा स्पर्श आहे,’ असं मी चेहरा न हलवता वाचलं आणि कॅमेरावाला हसता हसता ओट्याखाली गेला. ‘वर्षभरात माणसं निम्मी झाली आणि उपाध्यक्ष दुप्पट. यालाच आम्ही समतोल म्हणतो.’ हे वाक्य माझं. भाचीने लगेच घेतलं.

रागाला इतका चांगला उपयोग असतो हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

११ सप्टेंबर, बुधवार

कारखान्याच्या फाटकाबाहेर चित्रण. कामावरून काढलेले तिथे रोज सतरंजी टाकून बसतात. मी मोत्यांची माळ घालून, खांदे मागे घेऊन उभी राहिले आणि बोलायला लागले, तर सतरंजीवर पुढून मागपर्यंत खसखस पिकली. “अरे, जेवणाची सुट्टी झाली,” कोणीतरी ओरडलं.

एक म्हातारा मात्र मला पाहून उठला आणि पाठ करून चालायला लागला. बाकीच्यांना भेटायला आला असेल, आताच्या काढलेल्यांत बसण्याच्या वयाचा नव्हता. उन्हाचा त्रास झाला असावा. त्याच्यामागे भाचीने कॅमेरा का वळवला कळलं नाही. फिल्म वाया घालवायची सवय आहे आजकालच्या मुलांना.

१४ सप्टेंबर, शनिवार

भाचीला घराबाहेर काढलं. तिला, तिच्या कॅमेऱ्याला, तिच्या तारांच्या भेंडोळ्याला.

घात केला माझा.

१७ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. आता शांतपणे लिहिते.

शनिवारी तिने माझ्या हातात एक कागद दिला आणि कॅमेरा चालू ठेवून म्हणाली, “मावशी, हा खालच्या फिटरचा राजीनामा. हा त्याने स्वतः लिहिला असं कंपनी म्हणते. वाच ना, तुझ्या त्या आवाजात.”

मी वाचला. ‘गेली काही वर्षे प्रकृती साथ देत नसल्याने, कोणत्याही दबावाविना, स्वखुशीने मी माझ्या पदाचा राजीनामा सादर करीत आहे. संस्थेने दिलेल्या पितृतुल्य प्रेमाबद्दल मी आजन्म ऋणी राहीन.’ ‘पितृतुल्य’ म्हणताना मनात आलं, शब्द चांगला निवडलाय. फिटरला कसा सुचला असेल? तो तर सिलिंडरची पावतीसुद्धा माझ्याकडून वाचून घेतो.

मग खाली डावा कोपरा दिसला. विभागाचं अक्षर, तिरकी रेघ आणि माझी आद्याक्षरं.

टायपिंगच्या सिस्टर सांगायच्या, ज्या कागदावर टाइप करणारीची खूण नाही तो कागद अनाथ. बत्तीस वर्षांत मी एकही कागद अनाथ सोडला नाही. पुढे टाइपरायटर गेले आणि संगणक आले, तेव्हा सगळे नमुने मीच त्यात घातले, खुणेसकट. आता तिथे बसलेल्यांना ती खूण कसली हे माहीत नाही, म्हणून पुसायची हिंमत नाही. चारशे बारा राजीनाम्यांवर, चारशे बारा वेळा, मी.

“हा नमुना तू कधी केलास, मावशी?” भाचीने विचारलं. तिला माहीत होतं. येताना माहीत होतं, पहिल्या चहालाही माहीत होतं.

हे मी कोणाला सांगणार नाही, पण वहीत लिहायला हरकत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ओतशाळा बंद केली, तेव्हा तेसष्ट माणसं कमी करायची होती. साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं, की या लोकांना धड लिहिता येत नाही, त्यांच्या वतीने राजीनामे आपणच तयार ठेवू, त्यांच्याच सोयीसाठी. मला ते पटलं. सगळ्यांना एकच कारण दिलं असतं तर खोटं दिसलं असतं, म्हणून मी तीन कारणं केली: प्रकृती, घरगुती अडचण आणि गावी स्थायिक होणं. आलटून पालटून, एकवीस एकवीस. साहेब म्हणाले, तुमच्यासारखं डोकं विभागात दुसरं नाही.

भावोजी, म्हणजे धाकटीचा नवरा, त्या तेसष्टांत होते. ओतशाळेत मुख्य साचेवाले. त्यांचा कागद मी सगळ्यांत शेवटी, नवी रिबन घालून टाइप केला. ‘घरगुती अडचण’ म्हटलं असतं तर लोक धाकटीच्या संसाराबद्दल भलतंसलतं बोलले असते. म्हणून ‘प्रकृती’ दिलं. मानाचं कारण. धाकटीला मीच सांगितलं, कागद नीट आहे, डोळे झाकून सही करायला सांग.

पुढे त्यांना कुठल्या कारखान्याने घेतलं नाही, तो दोष माझा कसा? चार ठिकाणी गेले म्हणतात. प्रत्येक ठिकाणी जुना कागद मागायचे आणि वाचून परत पाठवायचे. आजारी माणूस कोण ठेवून घेतो? शेवटी शाळेच्या फाटकावर बसायला लागले. बैलासारखा धडधाकट माणूस, पोरांच्या छत्र्या सांभाळत.

मी कोणाचं वाईट केलं नाही. मी टाइप केलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

फिटर वर आला. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच.

“बाई, ती खूण तुमची आहे असं कळलं.”

“माझी आहे. कागद माझा नाही. सात वर्षं मी घरी आहे.”

“ते कळतं हो मला. एवढा बावळट नाही.” माझा शब्द त्याने जपून ठेवला होता. “मी एवढंच विचारायला आलो, की आम्ही घरी बसून लिहिलं म्हणतात, तर आमच्या घरी तुमच्या विभागाची खूण कुठून आली?”

“तुमच्या घरी आली नाही. तुम्ही सही करायच्या आधीच तो कागद तिथे तयार होता.”

“हे तुम्ही कोर्टात बोलाल?”

मी पदराने दाराची कडी पुसायला लागले.

“आमच्या वकीलबाई म्हणतात, कंपनी सांगेल ती छपाईची काहीतरी भानगड आहे. ती खूण काय हे सांगणारं माणूस एकच आहे जगात.”

“मला ते तेसष्टही सांगावे लागतील.”

“कसले तेसष्ट?” त्याने विचारलं. ओतशाळा गेली तेव्हा तो नोकरीला लागलाही नव्हता.

मी दार लावून घेतलं. आवाज जरा जास्तच झाला.

२२ सप्टेंबर, रविवार

कंपनीतून फोन. बोलणाऱ्या बाईचं पद ‘आनंद-अधिकारी’. मी दोनदा विचारून घेतलं. माणसं काढायला आनंद-अधिकारी नेमलीय.

“मॅडम, दर्शनी दालनात आपण आदर्श कर्मचाऱ्यांची भिंत करतोय. पहिला फोटो तुमचा. कारंज्याच्या अगदी समोर.”

“आजच कशी आठवण झाली?”

“मॅडम, कानावर आलं की युनियनवाले तुम्हाला कोर्टात ओढतायत. या वयात. तुम्ही अजिबात काळजी करू नका. आमचे वकील सांगतील, की मॅडमची प्रकृती बरी नसते, हल्ली आठवणींचा गोंधळ होतो, त्यांना त्रास देऊ नये. पत्रसुद्धा तयार आहे. फक्त तुमची सही लागेल. तुमच्याच सोयीसाठी.”

फोन कानाला धरून मी स्टुलावर बसले.

“काय म्हणालीस? कारण काय घातलंयस पत्रात?”

“प्रकृती, मॅडम. म्हणजे कसं, मानाचं वाटतं.”

मी फोन ठेवला. मग उचलला आणि वकीलबाईंना केला. मग भाचीला केला. भाची म्हणाली, “मावशी, रागावलीस का अजून?” मी म्हटलं, “हो. कॅमेरा घेऊन ये.”

माझी प्रकृती बरी नसते म्हणे. चार मजले दिवसातून तीनदा चढते मी. बत्तीस वर्षांत रजा किती घेतली ते यांच्याच दप्तरात बघावं, लाज असेल तर. कोण कुठली ही कार्टी, माझ्या वतीने माझं आजारपण टाइप करणारी?

२३ सप्टेंबर, सोमवार

कालची नोंद परत वाचली. शेवटची ओळ तीनदा वाचली.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सोमवारी संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं होतं. तेसष्ट, तीन कारणं, नवी रिबन, भावोजी. भाचीने एकदाही मधे तोंड घातलं नाही.

आज तिने जोडलेली फिल्म दाखवली. कारंजं आहे, कुंड्या आहेत, फिटर रजयांच्या दुकानात उमेदवारी करताना आहे. पाठ फिरवून जाणारा म्हातारा आहे, तो तेसष्टांतला निघाला. माझा खुणेचा खुलासा आहे. भावोजींचं नाव कुठेच नाही.

“हे का कापलंस?”

ती तारा गुंडाळायला लागली.

“मी विचारतेय ना?”

“आईने सांगितलं. म्हणाली, ‘कोर्टात लागेल तेवढं बोलू दे तिला, पण फिल्ममध्ये ते नको. चारचौघांत तिची शोभा नको.’”

एकोणीस वर्षं माझ्या दारात पाऊल न टाकणारी बाई. आईच्या कपाटावरून भांडण झालं म्हणून मी सगळ्यांना सांगत आले, आणि तिने एकदाही, कोणाकडे, ते खोडून काढलं नाही.

मला इतका संताप आला की कपातला चहा बशीत सांडला. माझी अब्रू झाकायचा हिला काय अधिकार?

“परत घाल,” मी म्हणाले.

“मावशी, लोक तुला हसतील. मग शिव्या देतील.”

“हसवायलाच काढलीय ना फिल्म? सगळ्या साहेबांना हसायचं आणि त्यांच्या टायपिस्टला झाकायचं? ही कुठली चेष्टा? परत घाल, नाही तर माझा आवाजही काढून टाक, आणि त्या आनंद-अधिकाऱ्याला बोलाव वाचायला.”

तिने घातलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

कामगार न्यायालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. पंखा गरगरतो पण वारा येत नाही. बाकं कमी आणि माणसं फार. मागच्या भिंतीला धाकटी आणि भावोजी उभे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

वकीलबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक फिटरचा, या वर्षीचा. दुसरा भावोजींचा, एकोणीस वर्षांपूर्वीचा, घड्यांवर फाटलेला. धाकटीने जपला होता. दोन्हींच्या डाव्या कोपऱ्यात तीच खूण. ती काय, कोणाची, का घालतात, हे मी सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा वर करून दोन्ही कागद डोळ्यांजवळ नेले.

मग कंपनीचा वकील उठला. कोट नवा, आवाज घशातून काढलेला. शाळेत असता तर सिस्टरनी त्याला सुधारलं असतं.

“बाई, तुमचं वय काय?”

“सदुसष्ट. प्रकृती उत्तम.”

मागे कोणीतरी हसलं.

“म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुम्ही त्या काळी लोकांच्या नावाने खोटी पत्रं तयार करत होतात?”

“हो. तेसष्ट.”

“आणि आज अचानक सदसद्विवेक जागा झाला. बरं, ती पत्रं करायची तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली होती का?”

“नाही.”

“मग स्वखुशीने केलीत?”

त्याला वाटलं, आता मी अडकले.

“हो,” मी म्हणाले. “स्वखुशीने. माझ्या मानेवर कोणी सुरी ठेवली नव्हती. साहेबांनी सांगितलं, मला मसुदा जमला, साहेबांनी शाबासकी दिली, मी घरी जाऊन जेवले. त्या तेसष्टांतला एकही स्वखुशीने गेला नाही. त्या सगळ्या प्रकरणात स्वखुशी एकाच माणसाची होती, आणि ते माणूस तुमच्यासमोर उभं आहे. आता या चारशे बारांच्या वेळी ती कोणाची होती, ते तुमच्या साहेबांना इथे उभं करून विचारा.”

तो कागद गोळा करून खाली बसला.

दुपारी आदेश झाला. अंतिम निकाल लागेपर्यंत एकही राजीनामा मंजूर धरायचा नाही, आणि कर्मचारी विभागाच्या संगणकातले सगळे नमुने कोर्टात हजर करायचे. चारशे बारा जण अजून कामावर नाहीत, पण घालवलेलेही नाहीत. फिटर बाहेर व्हरांड्यात बायकोला फोन लावत होता आणि त्याचं बोट दर वेळी चुकीच्या आकड्यावर पडत होतं. मी लावून दिला.

जिन्यात धाकटी पुढे होती. हाक मारली. थांबली नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

युनियनच्या सभागृहात फिल्म दाखवली. खुर्च्या संपल्या, लोक खिडकीत बसले. कारंज्याला हसले, कुंड्यांना हसले. उपाध्यक्षांच्या वाक्याला टाळ्या पडल्या आणि माझी मान नकळत ताठ झाली.

मग पडद्यावर मी मोत्यांची माळ घालून सांगू लागले, तीन कारणं कशी केली, एकवीस एकवीस. सुरुवातीला थोडे हसले, सवयीने. मग कोणी हसेना. एकाने अंधारातून मला शिवी घातली. व्याकरणशुद्ध होती. मी बसून राहिले.

दिवे लागले तेव्हा भावोजी शेजारी येऊन उभे राहिले. हात अजून तसेच आहेत, फावड्यासारखे.

“ताई, मला वाटायचं, तुम्हाला खरंच वाटलं असेल मी आजारी आहे,” ते म्हणाले. “हिला मी तसंच सांगायचो. ताईंचा गैरसमज झाला असेल म्हणून.”

“गैरसमज नव्हता, भावोजी.”

“ते कोर्टातच कळलं होतं. कारण कसं निवडलंत ते आज कळलं.” एवढंच बोलून ते चपला शोधायला गेले.

धाकटी मागे होती. मी तोंड उघडलं. तिने हात वर केला, लहानपणी मी तिचा अभ्यास घेताना करायचे तसा.

“माझ्याकडे माफीबिफी मागायची नाही, ताई. ती ऐकायला मला वेळ नाही. वकीलबाई म्हणाल्या, जुन्या तेसष्टांचाही अर्ज करता येतो का ते बघू. त्याला माणसं लागतील, त्यांच्या सह्या लागतील. नावं कोणाकडेच नाहीत.”

“मला पाठ आहेत.”

“मला वाटलंच. आमचं एक घर झालं. बासष्ट राहिली. स्वतः जायचं. फोन नाही, पत्र तर नाहीच नाही.”

एवढ्या लोकांत माझ्यावर आवाज चढवला तिने. घरी येताना बसमध्ये मी तिला देण्यासारखी चार उत्तरं तयार केली. चारही चांगली होती.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पहिलं घर. नदीपलीकडच्या चाळीवजा इमारतीत, तळमजल्याला. भट्टीवाला. कारण: प्रकृती.

दार त्याच्या बायकोने उघडलं. पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिल्या. मी नाव सांगायला लागले तर म्हणाल्या, “आवाजावरून ओळखलं. लाउडस्पीकरवाल्या बाई.”

“तुमचे यजमान भेटतील का?”

“अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन.”

मी म्हणाले, वाईट झालं. काय म्हणतात ते सगळं म्हणाले. त्या ऐकत होत्या.

“आजारी होते का?”

“तुम्ही लिहिलं होतंत ना आजारी आहेत म्हणून,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. “त्या कागदावर सही केली तेव्हा चांगले होते. मग जिथे जातील तिथे विचारायचे, तुम्हाला काय होतं? हे सांगायचे, काही होत नाही. मग ते म्हणायचे, लिहिलंय तर खरं. पाच-सहा वर्षांनी यांनाच वाटायला लागलं, की आपल्याला काहीतरी होत असेल.”

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. त्या गेल्या नाहीत.

मी पिशवीतून अर्जाचा कागद काढला. म्हटलं, सही कराल का, वारस म्हणून. म्हटलं, मी वाचून दाखवते.

“नको,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाचायचं नाही. ठेवा इथे. संध्याकाळी मुलगी आली की ती वाचेल, आणि तिला पटलं तर करेन.”

कागद चौकटीच्या फळीवर ठेवला. त्यांनी बसा म्हटलं नाही, आणि दारही लावलं नाही. मी उभी राहिले. खांदे मागे घ्यायला गेले, ते जमलं नाही.

“उद्या येऊ विचारायला?”

“या,” त्या म्हणाल्या, “पण काय होईल ते सांगत नाही.”

उद्या सकाळी दुसरं घर आहे. कारण: गावी स्थायिक. माणूस गावी कधीच गेला नव्हता, पत्ता तोच आहे.